फोटोखालची ओळ

मांडवा, ता. अलिबाग, जि. रायगड
अक्षय तृतीया

चि. बाळा,


तू पाठवलेला पेनड्राइव्ह परवा मिळाला. पहिला अल्बम पुरा स्कॅन झालेला पाहून फार बरे वाटले. नोकरी, रोजची लोकल आणि वर हे काम. आपल्या घरात हे कोणी हाती घेईल ही आशा मी जवळजवळ सोडली होती. फोटो तू उत्तम स्कॅन केले आहेस, त्यात मला काही सुचवायचे नाही. बोलायचे आहे ते त्यांवर लिहिलेल्या मजकुराबद्दल. म्हणून दुसरा अल्बम उघडण्याआधी हे पत्र पुरते वाच.

पहिल्याच फोटोवर तू लिहिले आहेस, 'नाना, माई आणि मंडळी, मांडवा'. तुला आणि मला एवढे पुरते. पण हा फोटो तुझ्या नातवंडांच्या हाती जाईल तेव्हा त्यांनी काय समजायचे? आपल्या घराण्यात नाना एकच नव्हते, आणि माई तर घरोघरी असते. 'मंडळी' म्हणून तू ज्यांना एका शब्दात बसवलेस त्या मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला नाव आहे, आणि आज ते सांगणारी माणसे अजून आहेत. फोटोखालची ओळ लिहिताना डोळ्यापुढे असा वाचक आण, जो तिथे नव्हता, ज्याने यातले कोणी पाहिलेले नाही आणि ज्याला विचारायला कोणी उरलेले नाही. त्याला जे लागेल तेवढे लिही. तुला आठवते म्हणून काही गाळू नकोस.

आपल्या सासवण्याच्या फोटोचे बघ. करमरकरांच्या शिल्पालयाच्या अंगणात काढलेला आहे, मागे पुतळा आहे. तू पुतळ्याबद्दल दोन ओळी लिहिल्यास आणि पुढे उभ्या असलेल्या दोघींबद्दल फक्त 'काकी व मैत्रीण'. नानासाहेब करमरकर १८९१ साली सासवण्यात जन्मले, १९६७ साली गेले, पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. किनाऱ्यावरून काढलेल्या फोटोत दूरवर खांदेरी दिसते तिचेही तसेच. १६७९ साली महाराजांनी ते बेट हाती घेतले, आता ते जागतिक वारशाच्या यादीतही गेले. तिची माहिती शंभर ठिकाणी आहे. काकीबरोबरची ती मैत्रीण कोण, हे मात्र जगात कुठेही लिहिलेले नाही. तू लिहिलेस तरच ते राहील. तुझा वेळ आणि जागा तिच्यावर खर्च कर.

नाव लिहिताना क्रम ठरवून घे. पूर्ण नाव आधी, म्हणजे स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि आडनाव. हाक मारायचे नाव त्यानंतर. 'माझी काकी', 'मोठी वहिनी' असे कधीच एकटे लिहू नकोस, कारण नाते लिहिणाऱ्याबरोबर बदलते. तुझी काकी माझी वहिनी होते, आणि तुझ्या मुलाची ती चुलत आजी.

बायकांच्या बाबतीत आणखी काळजी घे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत होती. ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले की जुने नाव माहेरीच राहायचे, आणि पुढे माहेरची माणसे गेली की ते कोणाला ठाऊकही नसायचे. तुझ्या पणजीच्या लग्नाआधीच्या एकुलत्या एका फोटोवर तू तिचे सासरचे नाव लिहिले आहेस. त्या दिवशी ती त्या नावाची नव्हती. तिथे माहेरचे नाव, वडिलांचे नाव, गाव लिही आणि मग पुढे 'लग्नानंतर' म्हणून दुसरे नाव. गाव सोडू नकोस. थळची मुलगी, नवगावची मुलगी, रेवसची मुलगी एवढ्या एका शब्दावरून पुढच्या माणसाला अर्धे घराणे शोधता येते. माझे बोलणे तुला आग्रहाचे वाटेल, पण जुन्या अल्बमांत पुरुषांना नावे असतात आणि बायकांना 'सौ.' असते, हे मी बघत आले आहे. आपल्या घराच्या अल्बमात तसे होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नाव न लिहिता नुसता वर्ग लिहिला की माणसाचे काय होते, याचा मुंबईतलाच दाखला सांगते. विल्यम जॉन्सन नावाचा मुंबईत राहिलेला एक इंग्रज फोटोग्राफर होता. त्याने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड लंडनहून काढले, पहिला १८६३ साली, दुसरा १८६६ साली. दुसरा खंड महाराष्ट्राचा. फोटोग्राफी इथे येऊन जेमतेम वीस-पंचवीस वर्षे झाली होती, त्यामुळे त्या खंडांचे मोल मोठे आहे. पण फोटोंना मथळे आहेत ते जातींचे आणि जमातींचे. समोर उभा राहिलेला तो माणूस कोण, कोणाचा, त्याला काय म्हणत, याचा बहुतेक ठिकाणी पत्ता नाही. त्याहून वाईट म्हणजे माणसांचे फोटो एकीकडे काढून त्यांच्यामागे दुसऱ्याच जागेची दृश्ये जोडलेली आहेत. म्हणजे नाव नाही आणि जागाही खरी नाही. त्या चेहऱ्यांचे वंशज आज कदाचित मुंबईतच असतील, आणि समोर फोटो असूनही त्यांना तो आपल्या पणजोबांचा आहे हे कळायला मार्ग नाही. आपल्या अल्बमात जेटीवरच्या फोटोवर तू 'कोळीण' एवढेच लिहिले आहेस. ती आपल्या घरी वर्षानुवर्षे मासळी द्यायची. तिचे नाव माझ्या लक्षात आहे, फोनवर सांगते, ते घाल.

रांगेतल्या माणसांसाठी जुन्या वर्तमानपत्रांची पद्धत अजूनही सर्वांत चांगली. 'बसलेले, डावीकडून', मग 'उभे, डावीकडून'. डावी म्हणजे बघणाऱ्याची डावी. एखादा ओळखू आला नाही तर त्याची जागा सोडून पुढे जाऊ नकोस. 'तिसरे, ओळख पटली नाही' असे लिही, नाहीतर पुढचे सगळे एकेक घर सरकतील आणि मामाचे नाव भटजींना लागेल. निगेटिव्हवरून स्कॅन केलेले फोटो कधी कधी उलटे येतात, तेही आधी तपास. पुरुषांच्या सदऱ्याचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो. तो घालणाऱ्याच्या उजव्या छातीवर दिसला की फोटो उलटा. मागे दुकानाची पाटी असली तर प्रश्नच नाही.

आता सालाबद्दल. तू अनेक फोटोंवर 'अंदाजे १९६५' लिहिले आहेस आणि अंदाज कशावरून केला ते कुठेच नाही. अंदाज करायला हरकत नाही, पण त्याचा आधार त्याच ओळीत लिही. गेटवेवरचे फोटो घे. आपल्या लोकांचे निम्मे फोटो तिथलेच, कारण मुंबईला गेले की लाँच पकडायच्या आधी फोटो काढून घ्यायचा असे सगळेच करत. गेटवे १९२४ साली खुले झाले. शिवाजी महाराजांचा पुतळा तिथे २६ जानेवारी १९६१ रोजी बसला. ताजच्या जुन्या घुमटाशेजारचा उंच मनोरा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. तेव्हा पुतळा आहे आणि मनोरा नाही असा फोटो साठच्या दशकातला किंवा अगदी थोडा नंतरचा असणार. असे लिहिलेस तर पुढचा माणूस तुझा आधार स्वतः तपासू शकतो. आपल्या जेटीचेही तसेच. मोठ्या बोटीतून गाड्या उतरताना दिसतात ते सगळे फोटो मार्च २०२० नंतरचे, कारण भाऊच्या धक्क्यावरून रो-रो तेव्हा सुरू झाली.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारलेस तर ती गोंधळतात. प्रसंग विचार. आपल्या किनाऱ्यावर एका पिढीची सगळी कालगणना 'रामदास' बोटीवरून चालायची. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. दिवस गटारीचा, म्हणून घरी परतणारी माणसे खच्चून भरलेली. रेवसपासून आत पोयनाडपर्यंत फारच थोडी गावे त्यातून सुटली. 'रामदास बुडाली तेव्हा मी रांगत होते', 'रामदासच्या आधी थोरल्याचे लग्न झाले' अशी वाक्ये मी लहानपणी रोज ऐकली. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, तोही इथे जाणवला होता. अशा खुणा विचारल्यास की साल आपोआप बाहेर येते. जे सांगितले ते कोणी सांगितले हेही लिही. 'अमक्यांनी सांगितल्यावरून' हे शब्द फार मोलाचे आहेत, कारण दोघांनी दोन वेगळी वर्षे सांगितली तर कोणावर विश्वास ठेवायचा ते वाचणारा ठरवू शकतो.

गावाचे नाव एकटे 'मांडवा' असे लिहू नकोस. विदर्भात आणि मराठवाड्यात याच नावाची गावे आहेत, आणि बाहेरच्या माणसाला मांडवा म्हटले की 'अग्निपथ' सिनेमातला आठवतो. तालुका आणि जिल्हा घाल. फोटोच्या मागे शाईने 'जि. कुलाबा' लिहिलेले दिसले तर ते रायगड करू नकोस. १ जानेवारी १९८१ ला जिल्ह्याचे नाव बदलले, म्हणून ते दोन शब्द स्वतःच सांगतात की मजकूर त्याआधीचा आहे. फोटोची मागची बाजू म्हणूनच स्कॅन कर. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कोणाचे तरी हस्ताक्षर असते. एकाच नावाच्या दोन फाइली कर, एकीच्या शेवटी 'पुढे', दुसरीच्या शेवटी 'मागे'.

माणसे नसलेले फोटो तू मोकळे सोडले आहेस. वाडी, विहीर, रहाट, पडवी. या फोटोंना माणसांइतकाच मजकूर लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. आपल्या मागच्या वाडीतला तो फोटो जिथून काढला तिथे आज उभे राहिलास तर एकही खूण जुळणार नाही. कोणत्या दिशेला तोंड करून काढला, विहीर कोणत्या अंगाला, पलीकडे कोणाचे घर होते, हे लिही. 'कोण राहत होते' लिही, 'जागा कोणाची' हे लिहू नकोस. इथे जमिनींचे भाव आणि वाद काय थराला गेले आहेत ते तुला माहीत आहे. घरच्या अल्बमाला सातबाऱ्याचे काम लावायचे नाही.

तसेच पोपटीच्या फोटोवर 'पोपटी' एवढेच लिहून भागणार नाही. तुझी मुले परगावी वाढली तर त्यांना धूर आणि उपडे मडके दिसेल. भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा भरून थंडीत लावलेली पोपटी, कोणाच्या शेतात, कोणी लावली, एवढे दोन ओळींत मावते.

आता मजकूर ठेवायचा कुठे ते बघ. तू पिवळी अक्षरे चित्रावरच टाकलीस. पेंटमध्ये अक्षरे टाकून फाइल साठवली की त्यांच्याखालचे चित्र गेले, ते परत काढता येत नाही. वाडीच्या फोटोत ती अक्षरे पायरीवर बसलेल्या मुलाच्या पायांवरून गेली आहेत. शिवाय जेपीजी फाइल बदलून पुन्हा साठवली की ती दरवेळी नव्याने दाबली जाते आणि बारीक तपशील थोडाथोडा कमी होतो. मूळ स्कॅन अजून तुझ्याकडे असतीलच. ते 'मूळ' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि त्यांना हात लावू नकोस. छापायला किंवा आजींना दाखवायला दिसणारा मजकूर हवाच असेल तर प्रत काढून चित्राच्या खाली पांढरी पट्टी वाढव आणि काळ्या अक्षरांत तिच्यावर लिही. इरफानव्ह्यूमध्ये कॅनव्हासचा आकार खालच्या बाजूने वाढवता येतो, पैसेही पडत नाहीत.

खरा मजकूर मात्र फाइलच्या पोटात जायला हवा. फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर माहितीचे रकाने असतात. कॅमेऱ्याने भरलेली तारीख-वेळ तिथेच असते. विंडोजमध्ये फाइलवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स' उघड. तिथे 'टायटल' रकान्यात लिहिलेले बहुतेक प्रोग्रामांत वर्णन म्हणून दिसते. 'कमेंट्स'मधले सगळीकडे दिसेलच असे नाही, म्हणून मुख्य ओळ तिथे नको. काम मोठे आहे तेव्हा डिजिकॅम वापरलेस तर सोयीचे होईल, तेही मोफत आहे. त्यात एकदा ठरवून द्यावे लागते की मजकूर नुसता प्रोग्रामच्या यादीत न ठेवता फाइलमध्येही लिही. हे विसरू नकोस, कारण प्रोग्राम मरतात. पिकासा किती लोक वापरत होते, २०१६ साली गूगलने तो बंद केला. ज्यांच्या ओळी फाइलमध्ये होत्या त्यांच्या राहिल्या, पण ज्या खुणा आणि याद्या फक्त प्रोग्रामच्या हिशेबात होत्या त्या दुसरीकडे नेताना लोकांची दमछाक झाली. फोटोखाली व्हॉट्सॲपवर टाइप केलेला मजकूरही फाइलमध्ये जात नाही, आणि फोटो म्हणून पाठवले की आतली माहितीही गळते. भावंडांना पाठवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव.

मजकूर मराठीतच लिही आणि युनिकोडमध्ये लिही. जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या पत्रिका आज उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात, ते तू पाहिले आहेस. रकान्यांचे दोन प्रकार असतात. आयपीटीसीचा जुना रकाना २००० बाइटांचा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास चिन्हांत तो भरतो आणि पुढचा मजकूर तुटू शकतो. २००१ साली आलेल्या एक्सएमपी प्रकाराला ही अडचण नाही. तरी पहिल्या दोन वाक्यांत नावे, गाव, प्रसंग, साल येऊ दे आणि बाकीच्या आठवणी नंतर. कुठे तुटलेच तर निदान नावे वाचतील.

एक बारीक गोष्ट. स्कॅन केलेल्या फाइलवर तारीख बसते ती स्कॅन केल्याची. तुझ्या संगणकाला वाटते की पणजोबांचा फोटो या महिन्यात काढला आहे. ती तारीख बदल, निदान फाइलच्या नावात साल आधी लिही, मग महिना, मग प्रसंग, म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतील. नावातले आकडे इंग्रजी वळणाचे ठेवलेस तर क्रम कुठेच बिघडणार नाही. सगळ्या ओळींची एक साधी यादीही फोल्डरमध्ये ठेव, फाइलचे नाव आणि समोर मजकूर. तिची छापील प्रत मला पाठव. मी पेनने दुरुस्त्या करून परत देईन, मला पडद्यावर वाचणे जड जाते.

फोटो बाहेर कुठे टाकायचे झाले तर आतला मजकूर काढून टाक. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. लहान मुलांची पूर्ण नावे आणि घराचा ठाव एकत्र बाहेर जाऊ नये. त्याच 'डिटेल्स'च्या खाली ही माहिती काढून दुसरी प्रत करायची सोय आहे.

काम कसे वाटायचे ते सांगते. टायपिंगला नंतर बस. आधी माणसे गाठ. थळच्या मावशीची नजर अजून चांगली आहे आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसले होते तेही तिला सांगता येते. तिच्यापुढे लॅपटॉप ठेवून चेहरे मोठे करून दाखव, तिला बोलू दे, मध्ये साल विचारून तोडू नकोस. मोबाइलवर तिचे बोलणे रेकॉर्ड कर, अर्थात तिला सांगून. चेहऱ्यावरून नाव निघाले नाही तर साडी, दागिने, मागची खिडकी विचार. घर ओळखू आले की माणसे सापडतात. आवासच्या दादांकडे नंतर गेलास तरी चालेल, त्यांचे वय तसे नाही.

गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद होतात. मे संपायच्या आत एक शनिवार-रविवार काढ. तुला रो-रोने गाडी घेऊन यायचे असेल तर आधी तिकीट काढ, सुट्टीत जागा मिळत नाही. चार्जर आण, थळला वीज दुपारी जाते. दुसरा अल्बम मी इथेच कपाटातून काढून ठेवते. त्यातले चिकटलेले फोटो ओढून काढू नकोस, आहेत तसे पानासकट स्कॅन करू.

बाकी सर्व क्षेम. आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या